साडीत पडणारे चंदेरे

नेपरव्हिलमधल्या आमच्या शेजारच्या काकांनी जन्मात कधी गळ टाकला नाही. इलिनॉय नदीत बोटीचं इंजिन सुरू करायचे आणि गेलेल्या काकूंची जुनी साडी पसरून बसायचे. आवाजाने बिथरलेले चंदेरे, म्हणजे सिल्व्हर कार्प, विमानाला धडकतील एवढ्या उंच उडून नेमके साडीत पडायचे. एकाने तर माझा चष्मा नेला. अजून नदीत वाचत बसला असेल.

गुडघ्यांपायी काकांचं ड्रायव्हिंग सुटणार होतं. शेवटच्या फेरीत मी म्हटलं, “काका, दोन-चार जिवंत नेऊन लेक मिशिगनमध्ये सोडू. घराजवळच मिळतील.”

काका चेष्टेशिवाय बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

“अरे, यांनी बाहेरून येऊन या नदीतल्या मूळच्या माशांचा घास खाल्ला. कालव्याने ही नदी आणि ते तळं जोडून ठेवलंय, म्हणून यांना अडवायला कालव्यात वीज सोडलीय. आणि आपण यांना डिकीतून नेणार?”

साडीतला एकेक मासा त्यांनी तिथेच मारला.

आता ते फ्रोझन पापलेट खातात. मी गेलो की म्हणतात, “बस निवांत, हा उडत नाही.” मांडीवर मात्र काकूंची साडी पसरलेली असते.