सातवी ओळ

हिंगोलीत मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, त्या काळात वेबसाइट म्हणजे लोकांना लग्नपत्रिकाच वाटायची. आपलं नाव ठळक हवं, दुसऱ्याचं दिसायला नको. मला पहिलं काम मिळालं ते एका शिक्षणसंस्थेचं. वेबसाइट बनवायचं एक फुकट सॉफ्टवेअर मी इंटरनेटवरून उतरवून घेतलं. ते वापरा, बदला, विका, कुणाची ना नव्हती. अट एकच. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर, ज्यांनी ते लिहिलं त्या सहा जणांच्या नावांच्या आणि हक्काच्या सहा ओळी होत्या. त्या काढायच्या नाहीत.

मला हसू आलं. फुकट द्यायचं आणि वर नावाचा सोस कशाला? माझ्यासोबत शिकवणारा मित्र मात्र या अटीवर खूश झाला. तो जवळा बाजारचा. त्याचे वडील तिथे भांड्यांच्या दुकानापुढे बसून भांड्यांवर नावं कोरायचे.

"लग्नात मामाकडून पातेलं येतं न्हाई का?" तो म्हणाला. "त्यात वरण शिजव, न्हाई तर म्हशीला पाणी पाज. पर वरचं मामाचं नाव कुनी घासून काढतं व्हय?"

क्लास सुटल्यावर रोज बसून त्याने त्या सॉफ्टवेअरमधले सगळे इंग्रजी शब्द मराठीत आणले. एकेका शब्दासाठी तो माझ्याशी तासभर भांडायचा आणि मी वैतागायचो. काम संपलं तेव्हा मराठी शब्दांच्या फाइलीत, त्या सहा ओळींच्या खाली, त्याने सातवी लिहिली. मराठी भाषांतर, पुढे स्वतःचं नाव आणि गाव. तशी भर घालायला परवानगी होती. लगेच खाली उतरून त्याने एसटीडीच्या बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला आणि वडलांना बोलावून ही बातमी सांगितली.

पुढच्या हिवाळ्यात त्याला कावीळ झाली. पंधरा दिवसांत तो गेला.

वेबसाइट सुरू झाली आणि संस्थेच्या अध्यक्षांना पानाच्या तळाशी दिसणारी, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या नावाची इंग्रजी ओळ खटकली. ती मी काढली. मग त्यांच्या पुण्यातल्या भाच्याने फायली उघडून पाहिल्या आणि आतही परकी नावं असल्याचं कळवलं.

"संस्था आपली अन् नावं गोऱ्यांची काहून?" अध्यक्ष म्हणाले. "साफ करा."

मी अट सांगितली. "हिंगोलीला कोन बघायला येऊन राहिलं?" असं म्हणून ते हसले, आणि मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. प्रत्येक फाइलीचा वरचा भाग एका झटक्यात उडवायची सोय होती, ती मी वापरली. दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांत मला मित्राची आठवणसुद्धा झाली नाही.

काही महिन्यांनी त्याचे वडील क्लासवर आले. हत्यारांची पिशवी खांद्यालाच होती. "सर, त्याचं नाव कॉम्प्युटरात हाय म्हने. बघायचं व्हतं."

फाइल उघडली तर ती थेट शब्दांपासूनच सुरू होत होती. जुनी प्रत ठेवलेली फ्लॉपी घातली, ती वाचली जाईना. मी काकांसाठी चहा मागवला, कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि ते चहा पीत होते तेवढ्यात सातवी ओळ आठवून टाइप केली. मग त्यांना दाखवली.

त्यांनी चष्मा लावला. काचेला हात न लावता अक्षरावरून बोट फिरवलं. "नाव बराबर हाय," ते म्हणाले. मग ओळीच्या वरच्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. "ह्याच्या वर सहा जनं हायत म्हनत व्हता. त्येंच्या पंगतीत बसलो, म्हनत व्हता."

ती नावं दुसरीकडे आहेत, असं मी सांगितलं. जन्मभर नावं कोरलेल्या माणसाला मी ही थाप मारत होतो.

"असू द्या," ते म्हणाले आणि चष्मा पुसून निघून गेले.

त्याच दिवशी मी मूळ सॉफ्टवेअर पुन्हा उतरवलं आणि सहाही ओळी जागच्या जागी बसवल्या. पण वर्षाच्या आत संस्थेने वेबसाइटच बंद केली. ती फाइल राहिली फक्त माझ्या कॉम्प्युटरवर. शेवटी न राहवून एका बाजाराच्या दिवशी मी जवळा बाजारला गेलो. ते दुकानापुढे बसले होते. समोर उकिडवा बसून मी सगळं खरं सांगितलं. सहा नावं परत घातली आणि सातवं त्यांच्याखाली आहे, हेही सांगितलं.

हातातली छिन्नी थांबवून त्यांनी ऐकून घेतलं.

"आता हाय ती तुमच्या हातची ओळ, सर," ते म्हणाले. "त्याच्या हातची गेली न्हवं?"

मी हो म्हणालो. त्यांनी पुढचं पातेलं मांडीवर घेतलं आणि कुणाचं नाव घालायचं ते गिऱ्हाइकाला विचारलं.