हातांची बोली

लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कान बधिर करणारा खडखडाट असतो. तिथे माणसं हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला, तळवा खाली दाबला की मशीन बंद. माझ्या नवऱ्याने उधन्याला तीस वर्षं लूम चालवले, त्यामुळे लिंबायतच्या आमच्या घरात ही बोली मलाही येते. तिनेच माझा घोटाळा केला.

त्यांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक संपले, रिपोर्ट चांगले आले. ते हातांनी चहा मागत, हातांनी नको म्हणत. मला सगळं समजत होतं, म्हणून काही बिघडलंय असं वाटलंच नाही. खात्यातला त्यांचा जोडीदार आला की दोघे तासभर हात हलवत बसायचे. जाताना तो म्हणायचा, “वहिनी, गडी झकास आहे. फक्त आवाज म्यूट केलाय.”

पाच महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “यांना बोलता येतं. घरी बोलतात ना?”

“हो, हातांनी.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. झोप, जेवण, सगळं विचारलं. मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, “जगावंसं वाटतं का?”

यांनी तळवा खाली दाबला.

“याचा अर्थ काय?” बाईंनी मला विचारलं.

“मशीन बंद,” मी म्हणाले. तोच हात मी रोज जेवताना पाहत होते आणि भूक नाही एवढंच समजून ताट उचलत होते.

बाईंनी मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. जिन्यात हे अडून बसले. कानशिलाजवळ बोट फिरवलं. मी काय वेडा आहे?

“गाल कापायला दिलात तेव्हा नाही विचारलंत, मी काय कापड आहे म्हणून. चला.”

गोळ्या सुरू झाल्या. दर गुरुवारी बोलायला यायचं ठरलं. गुण यायला काही आठवडे लागतील, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर हातावर हात ठेवून बसणं मला जमणारं नव्हतं. मी यांच्या हातांकडे बघणं सोडलं. जोडीदारालाही दम दिला, “भावजी, आलात तर हात खिशात.” हे टाळ्या वाजवून बोलवायचे, मी पाठ करून कामाला लागायची. कधी पाणी मिळायला उशीर झाला. वाईट वाटलं, पण वळले नाही.

चौथ्या आठवड्यात मी भाकरी टाकत होते. मागून टाळी वाजली. पुन्हा वाजली. मग जाड, घासलेला आवाज आला, “भाकर बयी ऱ्हायनी.”

जळतेय हे मला वासावरून कधीच कळलं होतं.

“काय म्हणालात?”

“बयी ऱ्हायनी म्हनस ना! बहिरी शे का?”

भाकरी उलटली. एका बाजूने कोळसाच झाली होती.

“उद्या गुरुवार,” मी म्हणाले. “डॉक्टर विचारतील ते तुम्ही सांगायचं. मी बाहेर बसणार.”