राखाडी चौकोन

“तोंड फिरव,” सर म्हणाले.

मी खुर्ची फिरवली. समोर भिंत, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर. पाठीमागे माझ्याच कीबोर्डवर सरांची बोटं खडखडत होती. नवीन सॉफ्टवेअर टाकायचं किंवा सिस्टिमचं बंद फोल्डर उघडायचं, तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो सर येऊन टाकायचे, आणि तेवढा वेळ मी भिंतीकडे बघायचं. तळेगावच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात मी लागले तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, “राग मानू नकोस, पण तुमच्या लोकांचं काही सांगता येत नाही.” मी राग मानला नाही. नोकरी नवी होती.

मग ती आली, विभागातली दुसरी मुलगी. स्टेशनजवळच्या सोसायटीतली, सरांच्या नात्यागोत्यातली. डिग्री माझ्याइतकीच. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सरांनी तिला पासवर्ड सांगितला. मला म्हणाले, “तू जरा बाहेर थांब.”

जळले मी. सरळ सांगते. तिच्या डब्यावर जळले, तिच्या मोकळ्या हसण्यावर जळले. ती सरांना ‘काका’ म्हणायची, त्यावर तर फारच.

एक दिवस सर्व्हरची डिस्क भरली. माल गेटवर तयार आणि त्यासोबत जायची चलनं निघेनात. सर म्हणाले, “जागा कशानं खाल्ली ते शोध.” त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. फोल्डर जेवढं मोठं, तेवढा मोठा रंगीत चौकोन स्क्रीनवर दिसतो. मी ते चालवलं. सगळ्यात मोठा चौकोन राखाडी निघाला. त्यावर नाव नाही, आत काय ते नाही. नुसतं लिहिलेलं, ‘परवानगी नाही.’

सरांना फोन केला. “सर, एवढ्यापुरता पासवर्ड टाकाल का?”

“आहे तेवढ्यात बघ.”

दुपारच्या मीटिंगमध्ये मी दिसलं तेवढं सांगितलं. सर सगळ्यांकडे बघून हसले. “अर्धी डिस्कच हरवली हिची! घरचे डबे तरी सापडतात का गं?” सगळे हसले. मग तिला पुढे बोलावलं. तेच सॉफ्टवेअर, तेच बटण. तिनं पासवर्ड टाकला आणि राखाडी चौकोन उघडला. आत सिस्टिमनं साठवलेल्या फायलींच्या जुन्या प्रती, ढीगभर. “याला म्हणतात डोकं,” सर म्हणाले. टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

घरी, परंदवडीला, आईला सगळं सांगितलं. आईनं उभा जन्म एका बागायतदाराच्या घरी राबून काढला. तिथल्या मालकीणकाकी तांदळाच्या कोठीचं कुलूप काढताना आईला म्हणायच्या, तोंड फिरव. त्यांची भाची मात्र खुशाल आत जायची. लहानपणी हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आई म्हणाली, “त्यांची कोठी, त्यांचं कुलूप. तू कशापायी जळतीस?”

“आये, त्या कोठीतला भात कुणी लावलता?”

“आमीच की.”

“मग तुला त्या भाचीचा हेवा न्हाई वाटला कधी?”

“न्हाई बा. आपलं न्हवंच ते. मग कशाचा हेवा?”

रात्रभर तेच डोक्यात. जे आपलं वाटतच नाही, त्यावर माणूस जळत नाही. आईला तेवढंही वाटू दिलं नव्हतं त्यांनी. मला मात्र माझं काम आपलं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात सर पुन्हा माझ्या टेबलाशी आले. “तोंड फिरव.”

मी स्क्रीनकडे बघत बसले.

“ऐकू आलं नाही का?”

“आलं. फिरवणार नाही.”

“मग पासवर्ड टाकणार नाही मी.”

“नका टाकू. काम माझं आहे, तर लॉगिन माझ्या नावाचं द्या.”

सर तरातरा निघून गेले. काम तसंच पडलं. ती पलीकडून बघत होती. मी तिच्याकडे मदत मागितली नाही.

आता दर वेळी डिस्कचा अहवाल देताना राखाडी चौकोनाशेजारी मी स्वतः लिहिते, ‘हे बघायची परवानगी सरांनी मला दिलेली नाही.’ तो अहवाल सरांना जातो आणि सरांच्या वरच्यांनाही जातो. नोकरी घालवीन म्हणून सरांचा दम देऊन झालाय. तिचा हेवा मला अजून वाटतो, रोज वाटतो, आणि तो मी विझू देणार नाही. नोकरी जायची तर जाऊ दे. या खुर्चीत आहे तोवर माझं तोंड स्क्रीनकडेच राहील.