अक्कांची इंग्रजी वाक्यं

अमळनेरात इंग्रजीचं राज्य खऱ्या अर्थानं सुरू झालं ते इंग्रज निघून गेल्यावर, आणि तेही आमच्या स्वयंपाकघरात. ते आणलं माझ्या थोरल्या नणंदेनं, अक्कांनी. मी लग्न होऊन जळगावहून आले तेव्हा अक्का धुळ्याचं सासर सोडून माहेरी येऊन राहिल्या होत्या. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, तेव्हा भर दुपारी ट्रंक डोक्यावर घेऊन त्या एस.टी.त बसल्या होत्या. गावात त्यांना 'टाकलेली' म्हणत. मला वाटलं होतं, घरात एक उदास, कोपऱ्यात बसणारी नणंद असेल. पहिल्याच सकाळी मी मीठ मागितलं तर अक्कांनी बरणी पाठीमागे धरली आणि विचारलं, "इंग्रजीत काय म्हणशील?" मी घाबरत म्हटलं, "सॉल्ट." "हे नुसतं नाम झालं. नामानं भागत नाही. क्रियापद कुठाय?" "सॉल्ट इज..." "कशात?" "सॉल्ट इज इन द... बरणी." अक्का प्रसन्न झाल्या. "बरणी चालेल. नाम आपलं असलं तरी चालतं गं, जागा मात्र इंग्रजीच हवी." तोवर चुलीवरची भाजी करपली होती.

अक्कांनी मॅट्रिक व्हायचं ठरवलं होतं. बाकीचे विषय त्यांनी ज्वारी पाखडावी तसे सहज उरकले होते, पण इंग्रजीवर त्यांचा जीव जडला. माझे यजमान तेलाच्या कारखान्यात कारकून. त्यांची शाळेतली जुनी पुस्तकं घेऊन अक्का बसत, आणि ते कामावरून आले की पायही धुऊ न देता शंका विचारत. त्या पुस्तकांतली सगळी दुनिया टेबलावर आणि टेबलाखाली घडे. पुस्तक टेबलावर, मांजर टेबलाखाली, मुलगा टेबलाजवळ. आमच्या घरात टेबलच नव्हतं. अक्कांनी करीमचाचा सुतारांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "बेटी, काहे के लिए चाहिए? हिसाब-किताब के लिए?" अक्का म्हणाल्या, "वाक्यासाठी." करीमचाचांनी दाढी कुरवाळली आणि आणखी काही न विचारता टेबल करून दिलं. मग घरातलं मांजर त्याच्याखाली जाईना. अक्कांनी खाली दुधाची वाटी ठेवली, तरी ते लांबून बघत राही. एका सकाळी ते आपण होऊन गेलं आणि अक्का ओरडल्या, "द कॅट इज अंडर द टेबल!" मी पिठाच्या हातानं धावले, सासूबाई जपमाळेसकट आल्या, आणि आमचे सासरे, नाना, गुडघ्यावर हात टेकून, वाकून टेबलाखाली बघू लागले. सासूबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "माय व, बठ्ठं घर येडं व्हयी गयं!"

इंग्रजीबद्दल अक्कांचं स्वतःचं असं एक शास्त्र होतं. त्या सांगत, "आपल्याकडे 'वर', 'खाली', 'जवळ' नामाच्या मागून येतात. इंग्रजीत 'ऑन', 'अंडर', 'नियर' चोपदारासारखे पुढे चालतात, आणि नाम मागून दिमाखात येतं. आणि क्रियापद बघ. मराठीत ते सगळ्यांचं झाल्यावर शेवटी येतं, घरातल्या बाईसारखं. इंग्रजीत कर्ता बसला की लगेच त्याच्या शेजारी पाट मांडून बसतं." सासूबाई डाळ निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग गोरासन्या बाया पहिले जेवतस का व?" गोऱ्यांच्या बायका आधी जेवतात का, हा प्रश्न अक्कांनी मनावर घेतला. त्या दिवशी दुपारी त्यांनी नानांच्या ताटाशेजारी आणखी दोन ताटं मांडली, एक स्वतःचं, एक माझं. नाना ताटांकडे बघत राहिले, मग हातातली भाकरी तशीच धरून जरा सरकून बसले. आमच्या घरात बायका पुरुषांच्या पंगतीला बसल्या त्या इंग्रजी व्याकरणामुळे, हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटत नाही.

एवढं सगळं करून पहिल्या वर्षी अक्का नापास झाल्या, आणि तेही इंग्रजीतच. परीक्षेत आपण काय लिहिलं ते त्यांनी घरी म्हणून दाखवलं. गिरणा नदीच्या काठावरच्या भडगाव गावातल्या आंब्याच्या झाडाखालच्या म्हातारीबद्दलचं ते वाक्य होतं. 'ऑन', 'इन', 'अंडर', 'विथ', चोपदारांची मोठी मिरवणूकच निघाली होती. माझ्या यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "अक्का, म्हातारी करते काय? यात क्रियापदच नाही." अक्कांचा चेहरा उतरला. नाना म्हणाले, "पुरे आता, पोरी. लोक हसतात. दोन वेळचं घरात आहे ना?" अक्का उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या बादलीगणिक पुटपुटत होत्या, "शी सिट्स. शी सिट्स अंडर द ट्री." वाक्याचं शेपूट लहान झालं होतं, पण क्रियापद जागेवर बसलं होतं.

पुढच्या परीक्षेचं केंद्र धुळ्याला आलं. नाना नको म्हणत होते. धुळ्यात सासरची माणसं कुठेही भेटतील, याची त्यांना धास्ती. अक्का म्हणाल्या, "भेटू देत." सोबतीला मी गेले. शाळेच्या फाटकाशी लिंबाखाली आम्ही घंटेची वाट बघत होतो, तोच बाजाराची पिशवी घेतलेल्या एक बाई थांबल्या. अक्कांच्या चुलत सासूबाई. बरोबरच्या बाईला त्या आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हीच ती, आमच्या पुतण्यानं टाकलेली." आजूबाजूची परीक्षेची पोरं बघू लागली. मी अक्कांचा हात घट्ट धरला.

अक्कांनी हात सोडवून घेतला आणि पदर सारखा केला. "काकी," त्या म्हणाल्या, आवाज जराही न चढवता, "तुमचं वाक्य चुकलं. कर्ता कोण ते आधी बघावं. त्यांनी मला टाकलं नाही. मी आले. माझ्या पायांनी आले." मग माझ्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या, "आय केम फ्रॉम धुळे टू अमळनेर विथ अ ट्रंक ऑन माय हेड. बघ, आधी 'आय', लगेच 'केम'. बाकीचं सगळं मागून आलं." काकींना इंग्रजी कळलं नसेल, पण त्या पिशवी सावरत निघून गेल्या. घंटा झाली. अक्का पोरांच्या गर्दीतून ताठ मानेनं आत गेल्या आणि मी त्या लिंबाखाली एकटीच उभी राहिले. आपल्या माणसाबद्दल इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं, ती आत गेली ना, ती माझी नणंद.

अक्का पास झाल्या. नाना स्वतः गल्लीत पेढे वाटत फिरले, जे हसले होते त्यांच्या घरी आधी गेले. पारोळ्याच्या मुलींच्या शाळेत अक्कांना नोकरी लागली आणि त्या खोली घेऊन तिकडे राहायला गेल्या. कुणी लेकीची चौकशी केली की सासूबाई मान वर करून सांगत, "मनी पोर पारोळाले मास्तरीण शे."

थंडीत मी मेथीचे लाडू घेऊन पारोळ्याला गेले. वर्ग चालू होता. खेड्यांतून आलेल्या मुली एकेक करून उभ्या राहत होत्या, वाक्य सांगत होत्या, आणि अक्का मान डोलवत होत्या. त्यांना तिथं सगळे 'बाई' म्हणत. हाक मारायचा मला धीर झाला नाही. शाळा सुटेपर्यंत मी ओसरीवरच बसले. मग आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. खोली एका माणसाची होती, नीटनेटकी, गप्प. अक्का लाडू हातात घेऊन बसल्या, खाल्ला नाही. म्हणाल्या, "दिवसभर इंग्रजी बोलते गं. पोरी हुशार आहेत. पण खोलीवर आलं ना, की कुणीतरी आईसारखी अहिराणीत हाक मारावी असं वाटतं."

माझं माहेर जळगाव शहरातलं. मला ती बोली नीट येत नसे, अक्का त्यावरून मला चिडवत. तरी मी सासूबाईंचा स्वर लावून पाहिला. "पोरी, बरी शे ना व?"

अक्का हसल्या. मग डोळे पुसले. खडूचे हात त्यांनी अजून धुतले नव्हते, त्यांचा पांढरा पट्टा गालावर उमटला. मी काही तो त्यांना सांगितला नाही. नुसती बघत बसले.