वेढा फसला तेव्हा आत कोण होतं

साठ शब्द संपले होते आणि वेढा अजून उठला नव्हता. म्युझियमच्या भिंतीवर लावतात त्या मजकुराला आम्ही लेबल म्हणतो. उभ्या उभ्या माणूस साठच शब्द वाचतो, पुढे त्याला कॉफी आठवते. मी वीसेक वर्षं हेच लिहितेय.

फ्लोरिडातलं समुद्रकाठचं जुनं गाव. म्युझियम छोटं, खिडकीतून स्पॅनिश किल्ला दिसायचा. १७४० साली इंग्रजांनी जहाजं आणून खाडीचं तोंड अडवलं, तोफा डागल्या. पण किल्ल्याचा दगड शिंपल्यांचा, मऊ. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसे गोळे भिंतीत रुतून बसले. स्पेनच्याच ताब्यातल्या क्यूबाहून रसद चोरवाटेने आत पोचली आणि इंग्रज हात हलवत परत गेले. उन्हात पाणी नि आभाळ एक व्हायचं, तेव्हा ती शिडं मला खरंच दिसायची. माझं अर्धं काम असं खिडकीशी बसूनच होतं.

मी लिहिलं, ‘चिवट सेनापतीचा थोडक्यात हुकलेला विजय.’ कागदी प्रत भिंतीला चिकटवली. छापण्याआधी लोक कुठे अडखळतात ते आम्ही असं बघतो.

पहिली अडखळली तेरेसा. सत्तरी ओलांडलेली, क्यूबन घरातली, तिथली व्हॉलंटियर गाइड. मी मनात तिला तेरेसाबाई म्हणायचे.

“हे मी लोकांना वाचून दाखवणार नाही. उद्यापासून येतही नाही,” ती म्हणाली.

“काही चुकलंय का?”

“माहिती बरोबर आहे. पण इंग्रज हरले याचं तुला वाईट वाटतंय.”

मग तिने सांगितलं. इंग्रजांच्या मळ्यांतून पळून आलेले गुलाम गावाबाहेर वस्ती करून होते. बाप्तिस्मा घ्या, बंदूक धरा, या अटीवर स्पेनने त्यांना मोकळं केलं होतं. वेढा पडला तेव्हा ते किल्ल्यात आले. किल्ला पडता तर पुन्हा मळा, पुन्हा चाबूक. पुढे स्पेनने गाव सोडलं तेव्हा ते क्यूबाला गेले. त्यांतली एक बाई तेरेसाच्या पणजीची पूर्वज, असं तिच्या घरी सांगतात.

“स्पेन काही देव नव्हता,” ती म्हणाली. “क्यूबातही गुलाम होतेच. पण ती मोकळी गेली.”

मला लाज वाटली. मी अलिबागची. जंजिरा पडला नाही, हे आमचे बाबा घरातलंच कोणी गेल्यासारखं हळहळत सांगायचे. त्यामुळे वेढा म्हटलं की मी आपोआप बाहेरच्या गलबतात जाऊन बसते. त्या दुपारी मी किल्ल्यापाशी बराच वेळ नुसती उभी राहिले. ऊन हलत होतं. तटावर एक बाई पोराला कडेवर घेऊन शिडांकडे बघत होती, आणि ती शिडं आमची होती. जंजिऱ्यातही अशी कोणी असेलच की! इतक्या वर्षांत मला ती सुचलीसुद्धा नव्हती.

एडिसन गावात, आमच्या कंपनीत, निखिलला फोन लावला. माझा बॉस, इथे अमेरिकेतच जन्मलेला, माझ्या मुलाच्या वयाचा.

“मावशी, फाइल चार वाजता प्रिंटला जातेय. क्लायंटने अप्रूव्ह केलंय यार!”

“थांबव. मी चुकीच्या बाजूने लिहिलंय.”

“हिस्टरीला साइड नसते, मावशी.”

“उंटावरून शेळ्या हाकू नकोस. इथे ये आणि हे तेरेसाला सांग.”

तो म्हणाला, “ओके. पण साठच वर्ड्स.”

जहाजांची नावं काढली. सेनापतीचं नाव काढलं. तेरेसाची पूर्वज मात्र लेबलात घेता आली नाही. घरात सांगतात हा आमच्या धंद्यात पुरावा नाही. तसं मी तिला तोंडावर सांगितलं.

“तुझी भिंत तुझ्याकडे ठेव,” ती म्हणाली. “मला तोंड आहे.”

उद्घाटनाला ती आली. तिने लेबल मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ होती, ‘वेढा फसला, म्हणून आतली माणसं मोकळी राहिली.’ मग लोकांकडे वळून स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, “त्यांतलीच मी.”

माझे डोळे भरून आले. निखिल शेजारी उभा होता, त्याने डोळे पुसायला चक्क पाठ फिरवली.

हरलेल्या सेनापतीचं नाव गाळलं तर साठ शब्दांत बरीच माणसं मावतात. त्या नावाची चौकशी अजून एकानेही केलेली नाही.