उलटा पाहिलेला बांध

डार्टमूरच्या माळावर एर्नी पेथिब्रिजइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता, आणि 'मी कधी खोटं बोलत नाही' असा तोरा मिरवणाराही. मेंढी विकायला काढायचा आणि तिचे दात पडलेत हे स्वतःच सांगून बसायचा. गिऱ्हाईक गेलं की बायकोच्या, थर्झाच्या, शिव्या ठरलेल्या.

माळावर मातीचे दोन जुनाट बांध होते, मधे झऱ्याची हिरवीगार घळ. गावाची हद्द अलीकडच्या बांधाला संपते, असं म्हणत शेजारच्या जमीनदाराच्या इस्टेटीचे कारभारी कॉलिंगवुडसाहेब अडून बसले. ते खरं ठरलं असतं तर घळ इस्टेटीची झाली असती आणि एर्नीला पाण्यावाचून कळपच विकावा लागला असता.

पूर्वी हद्द फिरताना गावकरी एखाद्या पोराला उलटं धरून त्याचं डोकं हद्दीच्या बांधावर आपटत. म्हणजे जागा जन्मात विसरायला नको! शेवटचं आपटलेलं पोर एर्नी, आता साठीचा. साहेब, पाद्रीबाबा, सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं.

"काय सांगू कपाळ!" एर्नी वैतागला. "मी पाहिला होता तो उलटा. सुलटे दोन्ही सारखेच दिसतायत."

"एवढंच ना!" शेजारचा डिक हॅनफर्ड म्हणाला. त्याने आणि लोहाराने एर्नीची एकेक तंगडी धरली आणि अलीकडच्या बांधावर त्याला उलटं टांगलं.

"सावकाश रे मेल्यांनो," थर्झा ओरडली, "पँटची शिलाई कच्ची आहे!"

एर्नीने डोळे उघडले. बांधाच्या कडेखाली दूरचा दुभंगलेला सुळका उलटा लोंबत होता. लहानपणी दिसलेला, अगदी तोच! "अरे, हाच की रे तो..."

डिकच्याही मेंढ्या त्याच घळीत पाणी प्यायच्या. त्याचे हात जरा सैल पडले. ठण्ण! "नीट बघ, एर्नी."

एर्नीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभराचा तोरा एकीकडे, तहानलेल्या मेंढ्या दुसरीकडे. "हा नव्हे," तो कसाबसा म्हणाला, "पलीकडचा."

"ही काय जबानी झाली?" साहेब कडाडले. "माणसाचं डोकं आपटून?"

"साहेब," पाद्रीबाबा म्हणाले, "आमच्या हद्दी अशाच ठरत आल्यात."

"कोर्टात विचारलं तर मी सांगेन, असलं काही झाल्याचं मला आठवतच नाही!"

एर्नी टेंगूळ चोळत उठला. लाजेने त्याचे कान तापले होते. पण आता बोलून बसला होता.

"आठवेल, आठवेल," तो म्हणाला. "डिक, साहेबांचा डावा पाय धर."