परब मॅडमचा ण

परब मॅडम मोबाइलशी भांडायच्या. फोनवर बोलताना भांडणारी माणसं पुष्कळ असतात. या चालू व्हिडिओशी भांडायच्या. स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, फोन कानाशी धरून, "थांब. अरे थांब मेल्या, श्वास घे! कुठे आग लागलीय?" असं मोठ्याने म्हणायच्या. मी कॉलेजात नवीन होते तेव्हा मला वाटलं, बाईंच्या घरी काहीतरी बिनसलंय. मग कळलं, की पलीकडे कोणी नाहीच. कुठल्याशा पोराने रेकॉर्ड करून पाठवलेलं सादरीकरण आहे आणि मॅडम ते तपासताहेत.

आमचं कॉलेज घाटकोपरला. मराठी विषय घेणाऱ्या मुलांना लेखी परीक्षेबरोबर एक प्रकल्प असतो. आपल्या परिसरातला एखादा विषय घ्यायचा, फोटो, आवाज, थोडं चित्रीकरण जोडायचं, वर आपलं निवेदन करायचं आणि पाच मिनिटांचं सादरीकरण रेकॉर्ड करून पाठवायचं. शिक्षकांनी ते बघून अभिप्राय द्यायचा. आम्ही बाकीचे चहा पितापिता "छान", "उत्तम प्रयत्न", "आणखी मेहनत हवी" असं टाइप करून मोकळे होत असू. परब मॅडमना त्या "छान"चा भारी राग.

"छान म्हणजे काय गो पार्लेकरणी?" त्या मला विचारायच्या. मी विलेपार्ल्याची, म्हणून त्यांच्या लेखी कायमची पार्लेकरीण. "छान म्हणजे मी बघितलंच नाही. पोरीने आठवडाभर घासलंय, आणि तू तिला छान म्हणून दारातनं परत पाठवतेस?"

त्या स्वतः प्रत्येक सादरीकरण तीनदा बघायच्या. पहिल्यांदा फोन टेबलावर पालथा टाकून नुसता आवाज ऐकायच्या. दुसऱ्यांदा आवाज बंद करून नुसती चित्रं. तिसऱ्यांदा सगळं एकत्र. "आवाज आणि चित्र एकच गोष्ट सांगायला लागले, की दोघांतल्या एकाला घरी पाठवायचं," हा त्यांचा ठरलेला न्याय. मग त्या मुलाला आवाजी निरोप जायचा. टाइप करणं त्यांना मान्य नव्हतं. निरोपाची सुरुवात नेहमी एकच, "ऐक." आणि मागे त्यांच्या घरातली फोडणी, शेजारच्यांचा टीव्ही, कधी मासेवालीशी मध्येच झालेली घासाघीस, असं सगळं त्या निरोपात यायचं.

मालाडच्या एका मुलाने एकदा बाजारावर सादरीकरण केलं होतं. आकाशातून घेतलेली दृश्यं, ढॅणढॅण संगीत, कुठल्यातरी जाहिरातीतल्यासारखा खर्जातला आवाज. आम्ही सगळे खूश. मॅडमचा निरोप गेला, "ऐक. संगीत काढ. आकाशातलं काढ, तू कावळा नाहीस. तो उसना आवाज ज्याचा आहे त्याला परत दे. आता जे उरलं ते मला पाठव." पोरगा तणतणत माझ्याकडे आला. "मॅडम, त्या बोलतात ते सगळं काढलं तर उरतंय काय? नाव फक्त!" मी त्याला चहा पाजला. दोन-चार दिवस तो रुसून बसला आणि मग एका संध्याकाळी आपल्या मामाच्या बांगड्यांच्या दुकानात फोन उभा करून मामाशी बोलत बसला. ते सादरीकरण बघून परब मॅडम म्हणाल्या, "मामा भाव सांगताना तू हसलास ना, तिथे मीपण हसले." एवढंच. पण त्या पोराने तो निरोप अख्ख्या वर्गाला ऐकवला.

मॅडमचं माहेर मालवणकडचं. वडील गिरणीत, गिरणी गेल्यावर कुटुंब भांडुपला आलं. तिथल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात त्या वर्गाच्या बाईंना म्हणाल्या, "माका पाणी होया," आणि वर्ग खोखो हसला. बाईही हसल्या. दुसरं एखादं पोर गप्प झालं असतं. "मी काय केलं माहितीय?" त्या मला सांगायच्या. "वर्षभर त्या बाईंशी मालवणीतच बोलले. माका खडू होया, माका बाहेर जाऊचा असा. शेवटी बाईच मला विचारायला लागल्या, काय गो, तुका काय होया?" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरायचा, की मला त्या बाईंची दया यायची.

एवढं असून त्या आमच्याकडे कायम नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर वर्षी जूनमध्ये कॉलेजने बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर घरी बसायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. ज्याची नोकरी अशी लोंबकळत असते, तो माणूस वरिष्ठांसमोर जरा जपून बोलतो. परब मॅडमना जपणं फक्त पापलेटाच्या बाबतीत ठाऊक होतं.

रोशनी ही शेवटच्या वर्षाची मुलगी. घाटकोपरच्या डोंगरावर, वस्तीच्या अगदी वरच्या टोकाला राहायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं. घरी वडिलांचं म्हणणं, पदवी झाली तर बी.एड.चं बघू, एका विषयात जरी लटकली तर बस झालं, मॉलमधल्या दुकानात उभी राहील. हे तिने आम्हांला सांगितलेलं होतं, त्यामुळे तो प्रकल्प तिच्यासाठी नुसता प्रकल्प नव्हता. तिने विषय घेतला आपल्या वस्तीतल्या जिन्याचा. त्या अरुंद, वेड्यावाकड्या जिन्यावरून खाली उतरणारी नवरी, वर चढणारा फ्रिज, खुर्चीत बसवून दवाखान्यात नेलेले आजोबा, गणपती. सुरुवातच अशी होती, "हा जिना कोनी बांधला ते कोनालाच म्हाईत नाही. पन चढतात सगळे."

परब मॅडमनी ते नेहमीसारखं तीनदा बघितलं. मोबाइलशी भांडल्या नाहीत, हे विशेष. मग त्यांनी तिला भलामोठा निरोप पाठवला, त्यात चुका होत्या, सूचना होत्या, आणि शेवटी, "ही पहिली दोन वाक्यं कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नकोस."

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या विभागप्रमुखांनी वर्गात जाऊन जाहीर केलं, की यंदा बाहेरून मोठे परीक्षक येणार आहेत आणि ज्याचा उच्चार अशुद्ध त्याची गय होणार नाही. "मराठीचे विद्यार्थी आहात. न आणि ण यांतला फरक कळत नसेल तर पदवी कशाला हवी?" असं ते म्हणाले. म्हणताना त्यांचं लक्ष कुणाकडे होतं ते वर्गाला कळलं आणि रोशनीलाही कळलं.

दोन दिवसांनी तिचं नवं रेकॉर्डिंग आलं. स्टाफरूममध्ये मॅडमनी ते लावलं. "णमस्कार. माझं णाव रोशणी. आमच्या वस्तीत एक जिणा आहे."

मला हसू फुटलं. कुणालाही फुटलं असतं. ण चुकू नये म्हणून पोरीने सरसकट सगळीकडे ण घातला होता. जिणा, णवरी, दवाखाणा, काही सुटलं नव्हतं.

"हसतंस कित्याक गो?" परब मॅडम माझ्यावर ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोर घाबरलीय. एवढी चुरूचुरू बोलणारी पोर, तिच्या घशात कोणीतरी ण कोंबलाय."

माझं हसू तिथल्यातिथे विरलं. त्यांनी लगेच रोशनीला फोन लावला. पहिलं रेकॉर्डिंग तिने पुसून टाकलं होतं. पण मॅडमच्या फोनमध्ये ते होतं.

"मी तेच दाखवणार," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, नको ना," रोशनी रडकुंडीला आली होती. "सर नापास करतील. पप्पा बोलून बसलेत आधीच. मी परत करते ना, अजून प्रॅक्टिस करते."

"ऐक. तुला नापास करायला माझीपण सही लागते. आणि माझी सही मी सांभाळते."

परीक्षेच्या दिवशी एकेका मुलाचं सादरीकरण पडद्यावर दाखवलं जात होतं. पुढच्या रांगेत परीक्षक, त्यांच्या शेजारी विभागप्रमुख. परब मॅडम लॅपटॉपपाशी. रोशनी भिंतीला चिकटून उभी. पहिली दोन वाक्यं झाली आणि परीक्षकांनी हात वर केला.

"थांबवा. ही कुठली मराठी?"

"घाटकोपरची," मॅडम म्हणाल्या.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. विभागप्रमुख म्हणाले, "परब मॅडम, बंद करा. पुढचा विद्यार्थी घ्या."

"नाही सर." त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. "सगळ्यांना पाच मिनिटं मिळाली. हिलापण पाच मिळणार. बंद करायचं असेल तर मला इथून उठवा आणि मग करा." आणि त्यांनी सुरुवातीपासून पुन्हा लावलं.

कोणी उठवायला गेलं नाही. पाच मिनिटं तो जिना आम्ही चढलो आणि उतरलो. आजोबांना खुर्चीतून उतरवताना चार जणांनी एकमेकांना दिलेल्या हाका त्यात होत्या, "मागं बघ, पायरी तुटलीय!" ते संपलं तेव्हा मुलं टाळ्या वाजवायला लागली. मॅडमनी त्यांना गप्प केलं आणि सगळ्यांसमोर रोशनीला अभिप्राय द्यायला लागल्या.

"ऐक. खुर्चीचा फोटो तू लवकर उचललास. माणूस अजून बघतोय आणि तू पुढे गेलीस. नळावरच्या भांडणात तू आपल्या गल्लीची बाजू घेतलीस, ते मला चालणार नाही. समोरच्या गल्लीतल्या बाईला विचारलं का? नाही. का नाही? आणि शेवट दोनदा केलास. पहिला बरा होता, दुसरा भाषण आहे, तो काप." रोशनी मान हलवत ऐकत होती. इतकी कडक तपासणी त्या दिवशी दुसऱ्या कुणाचीच झाली नव्हती.

"आणि उच्चारांचं काय?" परीक्षकांनी विचारलं.

"ते ऐकले मी."

"मग?"

"मग मला सगळे शब्द कळले सर. तुम्हांला कुठला कळला नाही ते सांगा, त्याचे मार्क मी आत्ता कापते."

परीक्षक मोठे विद्वान होते आणि, मी त्यांच्यावर अन्याय करणार नाही, खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी खूप विचार केला. एकही शब्द सांगता येईना. शेवटी ते म्हणाले, "प्रश्न कळण्याचा नाही." मॅडम म्हणाल्या, "माझा तोच आहे."

परीक्षकांनी आपल्या वाटचे गुण कमीच दिले. मॅडमनी आपल्या वाटचे जितके द्यायचे तितके दिले, ना एक जास्त ना एक कमी. दोन्ही मिळून रोशनी व्यवस्थित पास होत होती. दुपारी विभागप्रमुखांनी मॅडमना आत बोलावलं. मी दाराबाहेरच होते आणि उगाच कशाला खोटं सांगू, कान देऊन होते. मॅडमनी आपले गुण थोडे कमी करावेत, परीक्षकांचा मान राहील, असं सर समजावत होते. पुढच्या वर्षीच्या तासांचाही त्यांनी सहज म्हणून उल्लेख केला.

"कापायचे असतील तर तुम्ही कापा सर, आणि खाली तुमची सही करा," परब मॅडम म्हणाल्या. "माझ्या पेनाने नाही होणार."

सरांनी स्वतःच्या सहीने काही कापले नाहीत. अशी माणसं दुसऱ्याच्या पेनाने शूर असतात. मला हे लिहितानाही राग येतोय आणि तो मी आवरणार नाही. ज्या जूनमध्ये रोशनीला बी.एड.ला प्रवेश मिळाला, त्याच जूनमध्ये परब मॅडमना कॉलेजने बोलावलं नाही. कारण विचारलं तर उत्तर आलं, यंदा तास शिल्लक नाहीत.

आपलं कपाट रिकामं करायला त्या आल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. मला रडू येत होतं. त्या मात्र पुस्तकं पिशवीत कोंबत होत्या आणि कपाटाचं दार नीट लागत नाही म्हणून त्याला शिव्या देत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, सरांजवळ एकदा जरा नमतं घेतलं असतंत तर?"

त्या थांबल्या. वळून माझ्याकडे बघितलं आणि इतक्या मोठ्याने हसल्या, की आतल्या केबिनपर्यंत ऐकू गेलं असणार. ऐकू जावं म्हणूनच हसल्या असाव्यात.

"बघ गो पार्लेकरणी," त्या म्हणाल्या, "नमतं घ्यायचं म्हटलं, की यांना आमचा न चालतो!"